स्पॅनिशचे संयुक्त काळ : सहा रूपं, एक ‘दो’ आणि पुराव्याची पातळी

साहित्य-आढावा करताना कधी ना कधी एखादा महत्त्वाचा लेख समोर येतो आणि तो स्पॅनिशमध्ये निघतो. बटाटा, मका, निवडुंग, अँडीजमधल्या हिमनद्या, उष्ण कटिबंधातले रोग, यांपैकी कशावरही काम करणार असाल तर हे होणारच. लॅटिन अमेरिकेतली कितीतरी नियतकालिकं सिएलो आणि रेदालिकसारख्या खुल्या संग्रहांत फुकट वाचायला मिळतात. मज्जापेशींवर पायाभूत काम करून १९०६ चं नोबेल मिळवणाऱ्या सांतियागो रामोन इ काखाल यांनीही १८८८ मधले आपले सुरुवातीचे निष्कर्ष स्पॅनिशमध्येच छापले होते.

भाषांतराचं यंत्र हाताशी असतं, हे खरं. पण ‘दुष्काळाने नुकसान केलं आहे’ आणि ‘दुष्काळाने नुकसान केलं असावं, असं म्हणतात’ यांतला फरक यंत्राने नीट उतरवला की नाही, हे तुम्हाला कळायला हवं. पहिलं वाक्य निष्कर्ष आहे, दुसरं ऐकीव माहिती. प्रबंधात दुसऱ्याला पहिल्याच्या जागी बसवलं, तर नसलेला पुरावा तुम्ही उभा केलात असं होतं. स्पॅनिशमध्ये हा फरक बऱ्याचदा एका छोट्या सहायक क्रियापदात दडलेला असतो. म्हणून आज संयुक्त काळ. नियम थोडे आहेत आणि मराठी माणसाला त्यांतले निम्मे आधीपासून येतात.

एक सूचना आधीच देते. इथे सगळे शब्द देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. स्पॅनिशमध्ये रोमन एच हे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. त्यामुळे खाली ज्याला मी ‘आबेर’ म्हणते, ते छापील पानावर एचने सुरू होतं. त्याची सगळीच रूपं एचने सुरू होतात, आणि पान चाळताना हीच त्यांची खूण.

दोन तुकडे

संयुक्त काळ म्हणजे दोन तुकडे: सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापदाचं धातुसाधित. मराठीत ‘बोललो आहे’ म्हणतो तेव्हा ‘बोललो’ हे धातुसाधित आणि ‘आहे’ हे सहायक. स्पॅनिशमध्ये सहायक एकच, ‘आबेर’. पुरुष, वचन आणि काळ हे सगळं ओझं त्याच्या डोक्यावर. धातुसाधित एकदा तयार केलं की त्याला हात लावायचा नाही.

आधी धातुसाधित. नियमित क्रियापदांचे तीन गट असतात:

- शेवटी ‘आर’ असेल तर तो काढून ‘आदो’ लावा: आब्लार (बोलणे) → आब्लादो
- शेवटी ‘एर’ असेल तर ‘ईदो’: कोमेर (खाणे) → कोमीदो
- शेवटी ‘ईर’ असेल तरीही ‘ईदो’: बिबीर (राहणे, जगणे) → बिबीदो

म्हणजे गट तीन, पण प्रत्यय दोनच. या ‘दो’ला परका समजू नका. लॅटिनमधल्या ‘तुस’पासून तो आला, आणि तो ‘तुस’ आपल्या लिखित, पठित, गत यांतल्या ‘त’चा सख्खा भाऊ आहे. दोन्ही एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययातून निघालेले.

आता सहायक. ‘आब्लार’चा पूर्ण वर्तमानकाळ असा चालतो:

- यो ए आब्लादो: मी बोललो आहे / बोलले आहे
- तू आस आब्लादो: तू बोलला आहेस / बोलली आहेस
- एल, एया, उस्तेद आ आब्लादो: तो बोलला आहे, ती बोलली आहे, आपण बोलला आहात
- नोसोत्रोस एमोस आब्लादो: आम्ही बोललो आहोत
- बोसोत्रोस आबेइस आब्लादो: तुम्ही बोलला आहात
- एयोस, एयास, उस्तेदेस आन आब्लादो: ते बोलले आहेत, त्या बोलल्या आहेत, आपण सगळे बोलला आहात

स्पॅनिशचा ‘तू’ आणि आपला ‘तू’ दिसतात तसेच नात्यातले आहेत. ‘उस्तेद’ हा आदरार्थी, त्याला क्रियापद मात्र तृतीय पुरुषाचं लागतं. ‘बोसोत्रोस’ रोजच्या बोलण्यात मुख्यतः स्पेनमध्येच चालतो. लॅटिन अमेरिकेत मित्रांच्या घोळक्यालाही ‘उस्तेदेस’ म्हणतात. सर्वनाम बहुतेक वेळा गाळलंच जातं, कारण कर्ता कोण ते ‘ए, आस, आ’वरून कळतं. संशोधन-लेखात तुम्हाला सर्वांत जास्त भेटतील ती ‘एमोस’ (आम्ही केलं आहे), ‘आ’ आणि ‘आन’.

आता ‘आब्लादो’ काढून ‘आनालिसादो’ (विश्लेषण केलं) ठेवा, ‘एस्तुदियादो’ (अभ्यासलं) ठेवा, ‘कोमीदो’ ठेवा. सहा रूपं तीच राहतात. एका क्रियापदाचा तक्ता पाठ केलात, तर सगळ्या क्रियापदांचा झाला.

मराठी माणूस अडतो तो इथे

‘मी चिठ्ठी लिहिली आहे.’ ‘मी पत्रं लिहिली आहेत.’ लिहिणारा मीच, पण क्रियापद चिठ्ठीप्रमाणे आणि पत्रांप्रमाणे बदललं. शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग तो हाच. त्यामुळे धातुसाधिताला लिंग-वचन लावायची सवय आपल्या जिभेत मुरलेली असते. ती सवय स्पॅनिशमध्ये नेली की ‘ती बोलली’साठी कोणी ‘एया आ आब्लादा’ म्हणतं. ते चूक. बरोबर रूप ‘एया आ आब्लादो’. बोलणारी स्त्री असो, दहा पुरुष असोत किंवा कर्म स्त्रीलिंगी असो, ‘आबेर’नंतरचा ‘दो’ हलत नाही.

गंमत म्हणजे स्पॅनिशची पूर्वजही कधीकाळी आपल्यासारखीच वागत होती. लॅटिनमध्ये ‘आबेर’च्या पूर्वजाचा अर्थ होता ‘जवळ असणे’. ‘माझ्याजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे’ अशी ती रचना, आणि ‘लिहिलेली’ हे चिठ्ठीचं विशेषण, म्हणून ते चिठ्ठीप्रमाणे चालायचं. हळूहळू लोकांना त्यातून ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’ असा अर्थ ऐकू येऊ लागला. ‘जवळ असणे’ विरलं, क्रियापद फक्त काळ दाखवणारं उरलं आणि विशेषण गोठलं. जुन्या स्पॅनिशमध्ये मधली अवस्था दिसते: कधी जुळणी आहे, कधी नाही. १४९२ मध्ये आंतोनियो दे नेब्रिहा यांनी कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं, तेव्हा हे गोठलेलं रूप त्यांना इतकं वेगळं वाटलं की नाम, क्रियापद, धातुसाधित यांच्या शेजारी त्याला शब्दांची स्वतंत्र जात म्हणून जागा दिली. ज्याला लिंग नाही, वचन नाही, ते नेहमीच्या धातुसाधितात कसं बसवायचं, हा त्यांचा प्रश्न. वर्गीकरणात न बसणारी गोष्ट जबरदस्तीने न कोंबता वेगळी नोंदवणं, ही कुठल्याही विषयातल्या संशोधकाने उचलावी अशी सवय आहे.

‘दो’ गोठतो तो फक्त ‘आबेर’नंतर. इतर ठिकाणी तो विशेषणासारखाच चालतो. हे वाक्य पाहा:

लास मुएस्त्रास आन सीदो आनालिसादास. (नमुन्यांचं विश्लेषण करण्यात आलं आहे.)

‘आन’ हे ‘आबेर’. त्याच्या लगेच नंतरचं ‘सीदो’ (‘असणे’चं धातुसाधित) गोठलेलं. पण ‘आनालिसादास’ हे ‘सीदो’ला लागून आलं आहे, आणि नमुने स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी-अनेकवचनी, म्हणून तेही तसंच. एका वाक्यात दोन धातुसाधितं, एक गोठलेलं, एक चालणारं. हे वाक्य नीट उलगडलं की बाकीचं सोपं आहे.

मध्ये कोणी यायचं नाही

‘आबेर’ आणि धातुसाधित यांच्यामध्ये आजच्या स्पॅनिशमध्ये सहसा काही घालत नाहीत. आपण ‘मी बोललो नाही आहे’ किंवा ‘मी बोललो तर आहे’ असं बिनधास्त म्हणतो. तिथे ती मोकळीक नाही. नकार, सर्वनाम, ‘नेहमी’, ‘अजून’ हे सगळे एकतर आधी किंवा नंतर.

- नो ए आब्लादो: मी बोललेलो नाही.
- सिएम्प्रे ए आब्लादो: मी नेहमीच बोललो आहे.
- लो एमोस आनालिसादो: आम्ही त्याचं विश्लेषण केलं आहे.

वाचताना याचा फायदा होतो. ‘आबेर’चं रूप दिसलं की पुढचाच शब्द ‘दो’वाला असणार. तो तसा नसेल, तर बहुधा दोनांपैकी एक गोष्ट आहे. एक म्हणजे अनियमित धातुसाधित: एचो (केलं), दिचो (म्हटलं), बिस्तो (पाहिलं), एस्क्रीतो (लिहिलं), पुएस्तो (ठेवलं), आबिएर्तो (उघडलं). नेहमीची अनियमित रूपं थोडीच आहेत, ती पाठच करावीत. दुसरी शक्यता म्हणजे ते ‘आबेर’ सहायक नसून ‘अस्तित्वात असणे’ या अर्थाचं आहे. ‘उबो सेकीया’ म्हणजे ‘दुष्काळ पडला’. तिथे संयुक्त काळच नाही.

मराठीची चौकट वापरा

‘आबेर’चा काळ बदलला की पूर्ण रचनेचा काळ बदलतो. आपल्याकडे ‘आहे, होतं, असेल, असतं’ हेच काम करतात. दुष्काळाने पिकाचं नुकसान करण्याचं एकच वाक्य घेऊ:

- ला सेकीया आ दान्यादो ला कोसेचा: नुकसान केलं आहे
- ला सेकीया आबीया दान्यादो ला कोसेचा: नुकसान केलं होतं
- ला सेकीया आब्रा दान्यादो ला कोसेचा: नुकसान केलं असेल
- ला सेकीया आब्रीया दान्यादो ला कोसेचा: नुकसान केलं असतं

पाचवं रूप ‘उबो दान्यादो’ही आहे, ‘केल्याबरोबर लगेच’ अशा अर्थाचं, पण आज ते जवळपास जुन्या पुस्तकांपुरतंच उरलं आहे.

वेनेझुएलात जन्मलेले आणि चिलीत स्थिरावलेले आंद्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये अमेरिकेतल्या लोकांसाठी म्हणून स्पॅनिश व्याकरण लिहिलं. त्यात या काळांना त्यांनी सूत्रासारखी नावं दिली. ‘आ दान्यादो’ला ‘आन्तेप्रेसेन्ते’, म्हणजे वर्तमानाच्या आधीचं. ‘आब्रा दान्यादो’ला ‘आन्तेफुतुरो’, भविष्याच्या आधीचं. सहायकाचा काळ हा संदर्भबिंदू आणि धातुसाधित सांगतं की घटना त्या बिंदूच्या आधी उरकली. नाव वाचूनच रचना कळते.

आणखी एक वळण लक्षात ठेवण्याजोगं. स्पॅनिशचा साधा भविष्यकाळसुद्धा ‘आबेर’पासूनच झाला आहे. ‘आब्लारे’ (मी बोलेन) म्हणजे मुळात ‘आब्लार’ अधिक ‘ए’, ‘आब्लारास’ म्हणजे ‘आब्लार’ अधिक ‘आस’. म्हणजे ‘ए, आस, आ’ पाठ केलेत की भविष्यकाळाचे प्रत्यय जवळजवळ पदरात पडले.

आता पुराव्याकडे

‘आ’ आणि ‘आबीया’ ही विधानं आहेत. लेखक सांगतो की हे घडलं आहे, घडलं होतं.

‘आब्रा’ला दोन अर्थ. सोबत पुढचं साल असेल, तर ‘२०५० पर्यंत नुकसान झालेलं असेल’ असं भाकीत. तसं काही नसेल, तर तो अंदाज: ‘केलं असेल बहुधा’. मराठीतला ‘असेल’ही असाच दोन्हीकडे चालतो, म्हणून आपल्याला हे समजावून घ्यावं लागत नाही.

खरी गोची ‘आब्रीया’ची. सोबत ‘सी’ (जर) असेल तर तो सरळ संकेतार्थ:

सी नो उबिएरा योबीदो, ला सेकीया आब्रीया दान्यादो ला कोसेचा. (पाऊस पडला नसता, तर दुष्काळाने पिकाचं नुकसान केलं असतं.)

म्हणजे नुकसान झालंच नाही. पण ‘सी’ नसताना, विशेषतः बातम्यांत आणि अहवालांत, हेच ‘आब्रीया दान्यादो’ म्हणजे ‘नुकसान केलं म्हणे’, ‘केल्याचं सांगितलं जातं’. लेखक जबाबदारी घेत नाही. स्पॅनिश व्याकरणात याला अफवेचा संकेतार्थ असंच नाव आहे. एकच रूप, एकदा ‘घडलं नाही’ आणि एकदा ‘घडलं असं ऐकलं’. दोन्हीकडे समान गोष्ट एकच: हा पुरावा नव्हे.

छापील पानावर ‘आब्रा’ आणि ‘आब्रीया’ यांत फक्त एका स्वराचा फरक. झरझर वाचताना तो निसटतो आणि तुमच्या प्रबंधात ‘दुष्काळाने नुकसान केल्याचं अमुक यांनी दाखवलं आहे’ असं वाक्य येतं. अमुक यांनी तसं काही दाखवलेलंच नसतं.

‘आया’ हे रूपही ओळखून ठेवा. ते संशय, शक्यता, नकार यांच्या मागे येतं. ‘नो एस्ता क्लारो के ला सेकीया आया दान्यादो ला कोसेचा’ म्हणजे ‘दुष्काळाने पिकाचं नुकसान केलं आहे, हे स्पष्ट नाही’. उतारा घेताना ‘के’च्या आधीचा भाग कापलात तर अर्थ थेट उलटा होतो.

कुठल्या देशातला लेख?

रूपं सगळीकडे तीच, वापर मात्र बदलतो. माद्रिदचा माणूस आज सकाळच्या गोष्टीला ‘ए आब्लादो’ म्हणेल आणि कालच्या गोष्टीला ‘आब्ले’, हा साधा भूतकाळ. मेक्सिको किंवा ब्वेनोस आयरेसमध्ये सकाळच्या गोष्टीलाही ‘आब्ले’च ऐकू येईल. स्पेनमध्येही गालिसिया, आस्तुरियास, कॅनरी बेटं इथे साध्या भूतकाळाकडे ओढा आहे. मेक्सिकोत संयुक्त रूप आलं, तर ती गोष्ट बऱ्याचदा अजून चालू असते किंवा तिचा आजशी संबंध असतो. म्हणून मेक्सिकोतल्या लेखकाने साधा भूतकाळ वापरला, यावरून ‘ही जुनी गोष्ट असणार’ असा तर्क करू नका. तारीख पद्धतीच्या विभागात शोधा, क्रियापदात नाही.

करून बघा

खालच्या प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी शोधा: ‘आबेर’चं रूप, गोठलेलं धातुसाधित आणि विधानाची खात्री किती.

१. लोस इन्बेस्तिगादोरेस आन पुब्लिकादो लोस दातोस.
२. लास प्लान्तास आबीयान सीदो त्रातादास.
३. ला तेम्पेरातुरा आब्रीया आउमेन्तादो.
४. तोदाबीया नो एमोस तेर्मिनादो.

उत्तरं. पहिलं: संशोधकांनी माहिती प्रसिद्ध केली आहे. कर्ता आणि कर्म दोन्ही अनेकवचनी, तरी ‘पुब्लिकादो’ गोठलेलं, ठाम विधान. दुसरं: रोपांवर प्रक्रिया करण्यात आली होती. ‘सीदो’ गोठलेलं, ‘त्रातादास’ रोपांप्रमाणे चाललं. ठाम विधान, पण आणखी एका आधीच्या टप्प्याबद्दल. तिसरं: तापमान वाढलं असावं, असं सांगितलं जातं. ‘सी’ कुठे नाही, म्हणून ऐकीव. मूळ स्रोत गाठल्याशिवाय उद्धृत करायचं नाही. चौथं: आमचं अजून संपलेलं नाही. ‘नो’ सहायकाच्या आधी, मध्ये नाही.

स्पॅनिश लेखावर टिपणं काढताना समासात क्रियापदाच्या शेजारी ‘आहे’, ‘होतं’, ‘असेल’, ‘असतं’ किंवा ‘म्हणे’ यांपैकी एक शब्द मराठीत लिहून ठेवा. एक शब्द लिहायला दोन सेकंद लागतात. सहा महिन्यांनी प्रबंधाचं प्रकरण लिहायला बसाल, तेव्हा मूळ लेखकाला किती खात्री होती, हे तोच एक शब्द तुम्हाला सांगेल.